डिव्हाइस काढताना कर्नल कोसळतो किंवा अडकतो: रेफरन्स काउंटची चूक कशी पकडायची

लिनक्स ड्रायव्हरच्या तक्रारींत ही एक तक्रार फिरून फिरून येते. हार्डवेअर जोडलेलं असतं तोवर सगळं सुरळीत चालतं. ते काढलं, किंवा मॉड्यूल उतरवायला गेलं, की गडबड सुरू. कारण दोनांपैकी एक असतं: कुणीतरी घेतलेला रेफरन्स परत केलेला नाही, किंवा कुणीतरी न घेतलेला परत केला आहे. खाली तपासण्या त्याच क्रमाने दिल्या आहेत ज्या क्रमाने मी त्या करतो. आधी फुकटच्या, मग कर्नल पुन्हा बिल्ड करायला लावणाऱ्या.

आकड्याबद्दल, म्हणजे रेफरन्स काउंटबद्दल (एखादी वस्तू कितीजणांनी धरून ठेवली आहे याची मोजदाद), थोडं आधीच सांगून टाकतो. स्ट्रक्ट डिव्हाइस म्हणजे कर्नलने प्रत्येक डिव्हाइससाठी ठेवलेली नोंद. तिच्या पोटात केऑब्जेक्ट असतो, त्याच्या पोटात केरेफ आणि केरेफच्या आत रेफकाउंट_टी. गेट_डिव्हाइस हा आकडा एकने वाढवतं, पुट_डिव्हाइस एकने उतरवतं (पुढे नुसतं गेट आणि पुट म्हणतो), आणि तो शून्यावर आला की रिलीज फंक्शन चालून मेमरी सुटते. म्हणजे आकडा एवढंच सांगतो की ही मेमरी अजून कुणाला तरी हवी आहे. हार्डवेअर जागेवर आहे का, ड्रायव्हर अजून बांधलेला आहे का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पुढच्या बऱ्याच चुका या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात.

लक्षणं

पुट राहून गेला असेल तर मशीन कोसळत नाही, कुरकुरतं. नेटवर्क इंटरफेस काढताना डीमेसगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या लॉगमध्ये) दर दहा सेकंदांनी "अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर … टू बिकम फ्री" असं येत राहतं आणि शेवटी "यूसेज काउंट = १" दिसतं. डिव्हाइसचा क्रमांक रिलीजमध्ये परत केला जात असेल, तर दर वेळी काढून लावल्यावर नवा क्रमांक मिळतो: शून्य, मग एक, मग दोन. जुना डिव्हाइस मेलेलाच नसतो, म्हणून त्याचा क्रमांक मोकळा होत नाही. याच्या जोडीला मेमरी हळूहळू चढत जाते, पण ते लक्षात यायला आठवडे लागू शकतात.

पुट जास्त झाला असेल तर प्रकरण जास्त गंभीर. "रेफकाउंट_टी: अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री" किंवा "अ‍ॅडिशन ऑन ०, यूज-आफ्टर-फ्री" असा इशारा येतो; यूज-आफ्टर-फ्री म्हणजे सुटलेली मेमरी पुन्हा वापरणं. कधी लिस्ट करप्ट झाल्याचा संदेश येतो, कधी भलत्याच सबसिस्टममध्ये पेज फॉल्ट होतो, कारण सुटलेली मेमरी तोवर दुसऱ्या कुणाला तरी मिळालेली असते. असा क्रॅश दर वेळी वेगळ्या ठिकाणी होतो आणि माणूस रॅम बदलून बघायला लागतो.

एक तोतयाही ओळखून ठेवा. पुन्हा जोडताना "सिसएफएस: कॅनॉट क्रिएट डुप्लिकेट फाइलनेम" आलं तर बहुतेक वेळा रेफरन्स गळतीचा दोष नसतो. गळती असली तरी डिव्हाइस_डेल (डिव्हाइसची नोंदणी काढणारं फंक्शन) चाललेलं असेल तर सिसएफएसमधली, म्हणजे कर्नल डिव्हाइसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथली, डिरेक्टरी गेलेलीच असते. नाव अजून शिल्लक आहे म्हणजे डिव्हाइस_डेल झालेलंच नाही, किंवा जुना डिव्हाइस जागेवर असतानाच त्याचा क्रमांक मोकळा करून टाकला आहे. हा दोष वेगळा, तो खालच्या यादीत शोधत बसू नका.

पहिला इशारा वाचा, शेवटचा नाही

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि तरी लोक हेच गाळतात. रेफकाउंटचे इशारे कर्नल एकेकदाच छापतो. पहिल्यांदा छापला की रीबूटपर्यंत त्याच जातीचा इशारा पुन्हा येत नाही, त्यामुळे "आता एरर येत नाही, म्हणजे सुटलं" हा निष्कर्ष काढू नका. चाचणी पुन्हा करायची असेल तर रीबूट करा, किंवा डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या डीबगिंगच्या फाइलींमधल्या) क्लिअर_वॉर्न_वन्स या फाइलमध्ये १ लिहा.

नंतरच्या ऊप्समधली (कर्नलच्या क्रॅशच्या अहवालातली) टेंटची ओळ पाहा; आधी काय काय घडून गेलं याच्या खुणा त्यात अक्षरांनी असतात. तिथे डब्ल्यू असेल तर त्याआधी काहीतरी इशारा येऊन गेलेला आहे, वर जाऊन तो शोधा. ओ म्हणजे कर्नलच्या मुख्य सोर्सबाहेरचं मॉड्यूल लोड झालेलं आहे, पी म्हणजे बंद परवान्याचं. ही अक्षरं शेवटी कुणाला हाक मारायची हे ठरवतात.

आता यातली खरी मेख. अंडरफ्लोच्या इशाऱ्यासोबत जो कॉल स्टॅक छापला जातो, तो अनेकदा निर्दोष माणसाचा असतो. समजा आकडा दोन आहे: एक तुमच्या ड्रायव्हरचा, एक उघड्या फाइलचा. एरर पाथमध्ये, म्हणजे काम फसल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, कुणीतरी दोनदा पुट केला. आकडा शून्यावर गेला, रिलीज चाललं, मेमरी सुटली, आणि इशारा एकही नाही, कारण हिशेबाने शून्यावर येणं कायदेशीरच आहे. थोड्या वेळाने फाइल बंद होते, तिचा हक्काचा पुट चालतो आणि बोंब तिथे होते. चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून स्टॅकमध्ये दिसलेला पुट उडवून "फिक्स" पाठवणारे पॅच मी हटकून परत पाठवतो.

कुणी उघडं तर ठेवलेलं नाही ना?

दुसरी फुकटची तपासणी. एलएसओएफ किंवा फ्यूझर (उघड्या फाइली दाखवणारी साधनं) चालवून डिव्हाइसची फाइल कुणी उघडी धरली आहे का बघा. माउंट, उघडं सॉकेट, एखादा लॉग गोळा करणारा डीमन, मागे राहिलेला कंटेनर, काहीही असू शकतं. रेफरन्स धरलेला आहे म्हणजे गळला आहे असं नव्हे. आकडा आपलं काम करत असेल तर शोधायला काही नाही.

इथेच आणखी एक घोळ निस्तरून घ्या. एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीत) दिसणारा आकडा मॉड्यूलचा, डिव्हाइसचा नव्हे. "मॉड्यूल इज इन यूज" असं उत्तर मिळतं तेव्हा कारण उघडी फाइल किंवा राहून गेलेला मॉड्यूल_पुट असतं. नुसता गळलेला स्ट्रक्ट डिव्हाइस मॉड्यूलला अडवत नाही. उलट मॉड्यूल आरामात उतरतं, आणि मग केव्हातरी शेवटचा पुट येतो तेव्हा रिलीज फंक्शनचा कोडच मेमरीत नसतो. मॉड्यूल उतरल्यानंतर काही वेळाने, नाव नसलेल्या पत्त्यावर क्रॅश झाला असेल तर आधी हाच संशय घ्या.

एरर पाथ, डोळ्यांनी

साधनं काढण्याआधी प्रोब फंक्शन (ड्रायव्हर डिव्हाइसला बांधताना चालणारं) उघडा आणि फक्त अपयशाच्या वाटा वाचा. यशाची वाट रोज चालते, अपयशाची वर्षातून एकदा. चुका तिथेच मुक्कामाला असतात.

सगळ्यात जास्त भेटणारी चूक डिव्हाइस_रजिस्टरच्या आजूबाजूची. हे फंक्शन आतून आधी डिव्हाइस_इनिशियलाइज आणि मग डिव्हाइस_अ‍ॅड चालवतं. अ‍ॅड फसलं तरी इनिशियलाइज झालेलं असतं, आकडा एकवर असतो आणि मालकी रेफरन्स काउंटकडे गेलेली असते. त्यामुळे फसल्यावरही पुट_डिव्हाइसच करायचा, केफ्री (मेमरी थेट सोडणारं फंक्शन) नाही. कर्नलच्या स्वतःच्या टिपणीत हे ठळक लिहिलेलं आहे, तरी लोक केफ्री करतात. परिणाम काय? डेव्ह_सेट_नेमने नावासाठी घेतलेली मेमरी गळते, कारण ती केऑब्जेक्टच्या सफाईत सुटायची होती. केमेमलीकच्या (कर्नलमधल्या मेमरी गळती शोधणाऱ्या साधनाच्या) अहवालात स्टॅकमध्ये डेव्ह_सेट_नेम दिसलं की मी थेट एरर पाथकडेच जातो.

याची उलटी बाजूही आहे. केफ्री काढून पुट_डिव्हाइस लावला, पण रिलीज फंक्शनमध्ये जे सुटतं तेच खालच्या गोटू लेबलांवर पुन्हा सोडलं, तर डबल फ्री. पुट लावताना रिलीज फंक्शन शेजारी उघडं ठेवा आणि एकेक ओळ ताडून बघा.

आणि डिव्हाइस_अनरजिस्टर म्हणजे डिव्हाइस_डेल अधिक पुट_डिव्हाइस. त्याच्या खालच्या ओळीत डिव्हाइसच्या नावाने साधा लॉग छापणंही चूक आहे. मेमरी तोवर गेलेली असू शकते.

न मागता मिळालेले रेफरन्स

काही फंक्शनं पॉइंटर देतानाच आकडा वाढवून देतात आणि नावावरून ते लक्षात येत नाही. बस_फाइंड_डिव्हाइस, क्लास_फाइंड_डिव्हाइस, डिव्हाइस_फाइंड_चाइल्ड, ओएफ_फाइंड_डिव्हाइस_बाय_नोड ही सगळी त्यातली. काम झालं की प्रत्येकाचा पुट तुमच्या माथी.

लूप तर आणखी फसवे. फॉर_ईच_चाइल्ड_ऑफ_नोड (हार्डवेअरच्या वर्णनातल्या नोंदींवरून, म्हणजे नोडवरून, फिरणारा लूप) पुढच्या नोडवर जाताना मागचा स्वतः सोडतं, म्हणून पूर्ण फिरलं तर हिशेब जुळतो. मध्येच ब्रेक किंवा रिटर्न केलं की हातातला नोड तसाच राहतो. पीसीआय_गेट_डिव्हाइस जुना पॉइंटर घेतं, त्याचा रेफरन्स सोडतं आणि नवा देतं, त्यामुळे तिथे लूपमध्ये स्वतःहून पुट करणं हाही गुन्हा आणि ब्रेकनंतर न करणं हाही.

हे डोळ्यांनी करण्यापेक्षा कॉक्सिनेलला (सोर्समध्ये ठराविक नमुने शोधणाऱ्या साधनाला) करू द्या. कर्नलच्या सोर्समध्ये पुट_डिव्हाइस विसरलेल्या जागा शोधणारी स्क्रिप्ट तयार आहे. तुमच्या डिरेक्टरीपुरती कॉक्सीचेक चालवली की काही मिनिटांत उत्तर मिळतं. खोट्या तक्रारीही येतात, तेवढ्या चाळून घ्या.

नवा कोड लिहीत असाल तर ६.५ पासून आलेली स्कोपनुसार आपोआप पुट करणारी सोय वापरा. ब्रेक केला काय, रिटर्न केला काय, पुट होतोच. फक्त पॉइंटर बाहेर पाठवायचा असेल तर मालकी सोडायला विसरू नका. नाहीतर गळतीच्या जागी यूज-आफ्टर-फ्री मिळेल.

रिलीज फंक्शन आणि डेव्हएमचा सापळा

इथे जरा थांबून नीट बघा. अवघड प्रकरणांत बहुतेकदा दोष इथेच सापडतो.

रिलीज नसेल तर कर्नल स्वतःच सांगतो की या डिव्हाइसला रिलीज फंक्शन नाही, तो मोडका आहे, दुरुस्त करा. मग कुणीतरी इशारा बंद करायला रिकामं रिलीज लिहितं. इशारा गेला, दोष तिथेच. रिकामं रिलीज दिसलं तर एकच प्रश्न विचारा: मग मेमरी कोण सोडतंय? उत्तर "रिमूव्ह फंक्शनमधला केफ्री" असं आलं, तर रेफरन्स काउंट नुसता शोभेला आहे.

याचाच सभ्य दिसणारा अवतार म्हणजे डेव्हएम_केझेडअ‍ॅलॉक. डेव्हएमची फंक्शनं घेतलेल्या गोष्टी ड्रायव्हर सुटताना आपोआप परत करतात. ड्रायव्हरच्या खाजगी स्ट्रक्टमध्ये स्ट्रक्ट डिव्हाइस किंवा सीडेव्ह (डिव्हाइसच्या फाइलमागची कर्नलची नोंद) बसवलेला असतो आणि ते स्ट्रक्ट डेव्हएमने घेतलेलं असतं. वाचायला छान, सफाई आपोआप. पण डेव्हएमची मेमरी ड्रायव्हर सुटला की जाते, शेवटचा रेफरन्स सुटला की नव्हे. घटनाक्रम असा होतो. प्रोग्रॅमने फाइल उघडली. कुणीतरी यूएसबी उपसली. डिस्कनेक्ट चाललं, ड्रायव्हर सुटला, डेव्हएमने मेमरी परत केली. प्रोग्रॅमच्या हातात फाइल अजून उघडी आहे आणि ती आता सुटलेल्या मेमरीकडे बोट दाखवते आहे. पुढचा रीड किंवा शेवटचा क्लोज, दोन्ही तिथेच आपटतात. ज्या वस्तूचं आयुष्य रेफरन्स काउंट ठरवतो ती साध्या केझेडअ‍ॅलॉकने घ्यायची आणि रिलीजमध्ये सोडायची. इंटरप्ट, क्लॉक, रजिस्टरचा मॅप यांचं आयुष्य ड्रायव्हरच्या बंधनाइतकंच असतं; तिथे डेव्हएम अगदी योग्य.

एवढं करूनही काम अर्धंच होतं. सीडेव्ह_डिव्हाइस_अ‍ॅड वापरलं तर सीडेव्ह आपल्या डिव्हाइसचा रेफरन्स धरून ठेवतो आणि मेमरी टिकते. पण काढून टाकल्यानंतरही आधीच उघड्या असलेल्या फाइलींवरून तुमची रीड, राइट, आयओसीटीएल फंक्शनं बोलावली जातच राहतात. मेमरी जिवंत, हार्डवेअर गेलेलं. म्हणून स्ट्रक्टमध्ये "गेला" असा एक झेंडा ठेवा, डिस्कनेक्टमध्ये लॉक घेऊन तो लावा, आणि प्रत्येक प्रवेशद्वारावर त्याच लॉकखाली तो बघून ईएनओडेव्ह ("डिव्हाइस नाही" हा एरर) परत करा. हे काम रेफरन्स काउंट करून देणार नाही.

आणखी एक बारकावा: डिव्हाइस_डेल आपल्या पालकाचा रेफरन्स तिथेच सोडून देतं. त्यामुळे उघड्या फाइलच्या वाटेने, डेल झाल्यानंतर, पेरेंट पॉइंटरमधून वर चढणारा कोड असेल तर पालकाचा वेगळा रेफरन्स घ्या आणि रिलीजमध्ये सोडा.

बूट पर्याय आणि डीबग कर्नल

इथून पुढे वेळ जातो. त्यातल्या त्यात स्वस्त म्हणजे स्लब_डीबग हा बूट पर्याय (स्लब म्हणजे कर्नलमध्ये मेमरी वाटणारा भाग). बहुतेक वितरणांच्या कर्नलमध्ये तो आधीच असतो, बिल्ड लागत नाही. सुटलेली मेमरी ६बी या बाइटने भरली जाते, त्यालाच विष म्हणतात. क्रॅशच्या रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी दिसलं की सुटलेल्या मेमरीतून पॉइंटर वाचला हे नक्की.

पण रेफकाउंटच्या बाबतीत याहून बारीक खूण मिळते. विष भरलेल्या मेमरीवर पुट केला तर आकडा ६बी६बी६बी६बी वरून ६बी६बी६बी६ए होतो. हा आकडा मोठा आणि धन असल्याने रेफकाउंट_टी काहीच बोलत नाही. बोलतो तो स्लब, नंतर: "पॉयझन ओव्हररिटन", पहिला बाइट ६बी ऐवजी ६ए. एकने कमी म्हणजे पुट, ६सी म्हणजे गेट. एवढ्या एका बाइटवरून कळतं की कुणीतरी मेलेल्या वस्तूचा आकडा हलवला. ऑफसेट घेऊन पाहोल या साधनात स्ट्रक्टची रचना बघा. तिथे केरेफच असेल.

कर्नल बिल्ड करायचाच असेल तर दोन गोष्टी एकदम चालू करा. एक, केसॅन, मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी सोय. मेमरीच्या दर आठ बाइटमागे एक बाइट तो स्वतःसाठी घेतो आणि वेग बराच पडतो, पण वस्तू कुणी घेतली, कुणी सोडली आणि नंतर कुणी हात लावला, हे तिन्ही स्टॅक एकाच अहवालात देतो. संन्याशाची सुटका होते ती इथे. दोन, डीबग_केऑब्जेक्ट_रिलीज. हा पर्याय रिलीज मुद्दाम एक ते चार सेकंद उशिरा चालवतो. "शेवटचा पुट मीच केला, आता मेमरी गेली" असं गृहीत धरणारा कोड लगेच उघडा पडतो, मॉड्यूल आधी उतरण्याची चूकही.

चालू सर्व्हरवर केसॅन परवडत नाही. तिथे केफेन्स ही त्याच कामाची हलकी सोय लावा. तो नमुन्यादाखल थोड्याच वस्तूंवर पाळत ठेवतो, त्यामुळे दोष सापडायला वेळ लागतो, पण भार जाणवत नाही.

गळतीसाठी केमेमलीक. मर्यादा लक्षात ठेवा: जी वस्तू अजून कुठल्या तरी यादीत लटकलेली आहे तिच्याकडे जाणारा पॉइंटर त्याला सापडतो, म्हणून तो तिला गळती म्हणतच नाही. अहवाल कोरा आला म्हणजे गळती नाही, असं होत नाही.

गेट आणि पुट मोजणं

यादीत लटकलेली गळती पकडायला बीपीएफट्रेस, चालू कर्नलमधल्या फंक्शनांवर नजर ठेवणारं साधन. केऑब्जेक्ट हा स्ट्रक्ट डिव्हाइसचा पहिलाच सदस्य, म्हणून दोघांचा पत्ता एकच. तो पत्ता ड्रायव्हरमधून छापून घ्या (४.१५ पासून साधा पॉइंटर छापला तर कर्नल खोटा, हॅश केलेला आकडा दाखवतो, तेव्हा फक्त चाचणीच्या मशीनवर नो_हॅश_पॉइंटर्स लावा). मग केऑब्जेक्ट_गेट, केऑब्जेक्ट_गेट_अनलेस_झिरो आणि केऑब्जेक्ट_पुट या तिघांवर प्रोब (पाळत; वरचं प्रोब फंक्शन नव्हे) लावून त्या पत्त्यापुरते कॉल स्टॅक मोजा. गेट_डिव्हाइसवर लावू नका. ड्रायव्हर कोअर बऱ्याच ठिकाणी थेट केऑब्जेक्ट_गेट वापरतो आणि ते निसटतील.

जुळणी करताना एक फरक धरा: सुरुवातीचा एक इनिशियलाइजमध्ये लिहिला जातो, तो गेट म्हणून दिसत नाही. नीट मेलेल्या डिव्हाइसचे पुट गेटपेक्षा बरोबर एकने जास्त असतात. सिसएफएसचे, मुलांनी पालकावर घेतलेले, ड्रायव्हर बांधतानाचे, असे जोडीजोडीने खोडत चला. शेवटी जो गेट एकटा उरतो तो तुमचा. प्रत्येक चाचणी नव्याने सुरू करा, कारण सुटलेला पत्ता स्लब लगेच दुसऱ्याला देतो आणि हिशेबात परकी नावं शिरतात.

नेटवर्क इंटरफेस असेल तर एवढा खटाटोप नको. रेफरन्स ट्रॅकर चालू करून कर्नल बांधला की प्रत्येक धरलेल्या रेफरन्सचा स्टॅक तयार मिळतो, ५.१७ पासून ही सोय आहे.

लुकअपची शर्यत

सगळे गेट-पुट जुळतात आणि तरी "अ‍ॅडिशन ऑन ०" येतं, तेव्हा चूक मोजण्यात नसते, शोधण्यात असते. एक धागा यादीत डिव्हाइस शोधून गेट करायला निघालेला असतो, त्याच क्षणी दुसरा शेवटचा पुट करतो. गेट करण्याचा हक्क ज्याच्याकडे आधीच एक वैध रेफरन्स आहे त्यालाच असतो. यादीतून पॉइंटर मिळाला एवढ्याने तो मिळत नाही.

उपाय दोन भागांचा आहे. यादीतून शोधताना केरेफ_गेट_अनलेस_झिरो वापरा, आणि यादीतून काढणं व शोधणं एकाच लॉकखाली आणा. लॉक नसेल तर अनलेस_झिरोही वाचवत नाही, कारण आकडा वाचायला जाईपर्यंत ती मेमरीच गेलेली असू शकते. दुसरा मार्ग केरेफ_पुट_म्यूटेक्स: आकडा शून्यावर नेणं आणि यादीतून काढणं हे लॉकखाली एकसंध होतं. आकडा आधी वाचून "एकच आहे, म्हणजे मीच उरलोय" असा निर्णय घेणारा कोड दिसला तर काढून टाका. वाचणं आणि वागणं यांच्या मध्ये जग बदलतं.

क्रॅश थांबवायला एक जादा गेट टाकणं हा उपाय नव्हे. त्याने यूज-आफ्टर-फ्रीच्या जागी गळती येते, एवढंच. रेफकाउंट_टी स्वतःही नेमकी हीच तडजोड करतो, पण नाइलाजाने. २०१६ मध्ये सीव्हीई-२०१६-०७२८ या सुरक्षा-दोषात कीरिंगचा (कर्नलमधल्या चाव्यांच्या साठ्याचा) ३२ बिटांचा आकडा फिरवून पुन्हा शून्यावर आणता येतो आणि त्यातून रूटचे अधिकार मिळवता येतात, हे समोर आलं. पुढच्या वर्षी ४.११ मध्ये रेफकाउंट_टी आला. हिशेब बिघडला की तो आकडा एका जागी गोठवतो आणि मेमरी कायमची गळू देतो. क्रॅश डंपमध्ये आकडा हेक्समध्ये सी आणि पुढे सात शून्यं असा दिसला तर समजा, तो गोठलेला आहे आणि खरी चूक कधीच होऊन गेली आहे.

इथे थांबा

काही ठिकाणी पुढे स्वतः खोदायचं नाही. टेंटमध्ये पी आहे आणि स्टॅकमध्ये बंद मॉड्यूल आहे: सोर्स नसताना रेफरन्स जुळवणं शक्य नाही, ते मॉड्यूल देणाऱ्याकडे जा. मॉड्यूल न लोड करताही, ताज्या मुख्य कर्नलवर तोच दोष येतो: तो सबसिस्टमच्या मेंटेनरचा विषय, गेट_मेंटेनर स्क्रिप्ट नाव काढून देते. दुरुस्तीसाठी दोन सबसिस्टमचे लॉक एकमेकांत गुंतवावे लागत असतील आणि लॉकडेप (लॉकच्या क्रमातल्या चुका पकडणारा कर्नलचा तपासनीस) ओरडायला लागला असेल, तरीही तिथेच थांबून मेंटेनरला विचारा. अंदाजाने लावलेला लॉक डेडलॉक घेऊन येतो.

साध्या, अधिकार नसलेल्या वापरकर्त्याला हा यूज-आफ्टर-फ्री घडवता येत असेल तर तो सुरक्षेचा दोष आहे. उघड्यावर लिहू नका, आधी कर्नलच्या सिक्युरिटी टीमला खाजगीत कळवा.

चालू सर्व्हरवर अंडरफ्लोचा इशारा आला असेल तर तिथे प्रयोग करू नका. त्या क्षणापासून मेमरीत काय कुणाचं आहे याची खात्री नाही, आणि तीच मेमरी डिस्कवर लिहिली जाते आहे. केडंप (क्रॅशच्या वेळच्या मेमरीची प्रत) घ्या, मशीन रीबूट करा, दोष वेगळ्या मशीनवर घडवा. यंत्र हलवणारा किंवा माणसाला जोडलेला डिव्हाइस असेल तर काढ-घाल चाचणी त्या उपकरणाच्या जाणकाराशिवाय करायचीच नाही.

कुणाकडेही गेलात तरी सोबत हे न्या: बूटपासूनचा पूर्ण डीमेसग, फक्त क्रॅशचा तुकडा नाही, कर्नलची आवृत्ती आणि कॉन्फिग, केसॅनचे तिन्ही स्टॅक असतील तर ते, गेट-पुटच्या जुळणीत उरलेला स्टॅक, आणि दोष घडवणारी सगळ्यात छोटी कृती, उदाहरणार्थ "फाइल उघडी ठेवा, ड्रायव्हर सिसएफएसमधून अनबाइंड करा, मग फाइल बंद करा". अनबाइंडने दोष घडत असेल तर समोरच्याला तुमचं हार्डवेअर उपसत बसावं लागत नाही, आणि एखाद्या स्क्रिप्टमध्ये ते रात्रभर फिरवता येतं.